डाव्या हाताचा इतिहास : बाजाच्या पेटीपासून वर्कस्टेशनपर्यंत

परभणी जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या मराठवाड्यात, विजेवर चालणाऱ्या कोणत्याही कीबोर्डला 'कॅसिओ' म्हणण्याची रीत आहे. वाद्यावर नाव यामाहाचे असो, रोलँडचे असो वा कॉर्गचे. मांडवातल्या माणसाच्या लेखी तो कॅसिओच. एका जपानी कंपनीचे नाव वनस्पती तुपाच्या 'डालडा'सारखे सामान्यनाम होऊन बसले, ही गंमत खरी. पण त्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा एक प्रवास दडलेला आहे.

हा धागा त्या प्रवासाचा. धागा लांब आहे, आणि त्यात इतिहासाइतकाच आजच्या खरेदीचाही प्रश्न आहे.

पट्ट्यांच्या वाद्यावर उजवा हात आरंभापासून एकच काम करीत आला : चाल वाजवणे. डाव्या हाताचे काम मात्र भारतात येताच बदलले, आणि पुढेही बदलत राहिले. प्रत्येक बदलात आपल्या संगीताने काही मिळवले, काही गमावले. आज दुकानात वर्कस्टेशन निवडताना जे प्रश्न पडतात, त्यांतले बहुतेक या डाव्या हाताभोवतीच फिरतात.

आरंभ पॅरिसमध्ये. १८४२ साली अलेक्झांडर दबॅं या वाद्यनिर्मात्याने 'हार्मोनियम' या नावाने एका वाद्याचे पेटंट घेतले. पायांनी भाता चालवायचा, हवा धातूच्या पातळ सुरांवरून जाऊन त्यांना कंपित करणार, आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. उजव्या हाताने चाल, डाव्या हाताने त्या चालीखालचे स्वरसंघात. युरोपीय संगीताची सारी इमारतच एका वेळी अनेक स्वर वाजण्यावर उभी असल्यामुळे डाव्या हाताला तिथे मोठा मान होता. ऑर्गन परवडत नाही अशा लहान चर्चसाठी हे वाद्य सोयीचे ठरले. मिशनरी आणि गोरे अधिकारी यांच्या सामानातून ते भारतात उतरले. मराठीत त्याला 'पायपेटी' म्हणू लागले.

अडचण बैठकीची होती. पायपेटीसमोर खुर्चीवर बसावे लागते; भारतीय गायक आणि साथीदार बसतात जमिनीवर. या अडचणीवरचा तोडगा कोलकात्यात निघाला. द्वारकानाथ घोष यांच्या 'द्वारकिन' या पेढीने १८७५ नंतरच्या काळात हाताच्या भात्याची, मांडीसमोर ठेवता येणारी पेटी घडवून रूढ केली. भाता मागच्या बाजूला गेला आणि तो चालवण्याचे काम डाव्या हाताकडे आले.

वरवर ही साधी सुतारकामाची दुरुस्ती वाटते. प्रत्यक्षात तो एका संगीतपद्धतीचा दुसरीवरचा विजय होता. ज्या हाताने स्वरसंघात वाजवायचे तोच हात भात्याला जुंपला गेला, आणि भारतीय वादकाला त्याचे काहीही वाटले नाही. कारण त्याला स्वरसंघात हवेच नव्हते. त्याला हवी होती एक सलग चाल आणि खाली घुमणारा षड्ज. षड्जाची सोय खटका ओढून होऊ लागली. भात्यावरचा हात नुसता हवा भरत नव्हता. आवाज फुलवणे, दाबणे, गायकाच्या दमाबरोबर सुराला श्वास देणे ही सारी कामे तो करू लागला. पेटीचा अर्धा जीव पट्ट्यांत असेल तर अर्धा भात्यात आहे, हे कोणताही जाणता साथीदार मान्य करील.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. त्या युगाने पेटीला महाराष्ट्रात घरोघरी नेले. रंगमंचापुढच्या साथीत पायाचा ऑर्गनही दीर्घकाळ टिकला. मात्र तिथेही मोकळ्या डाव्या हाताने युरोपीय स्वरसंघाताचा हट्ट धरला नाही. या काळातले सर्वांत मोठे नाव गोविंदराव टेंबे यांचे. १९११ च्या 'संगीत मानापमान'च्या चाली त्यांच्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी उभी केली. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटाचे संगीतही त्यांचे, आणि त्यात त्यांनी भूमिकाही केली. साथीचे वाद्य म्हणून दुय्यम समजल्या जाणाऱ्या पेटीला त्यांनी एकलवादनाची प्रतिष्ठा दिली.

परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावर मनमाड–सिकंदराबाद हा मीटर गेजचा लोहमार्ग सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा असा गेला आणि हा मुलूख एका टोकाने मुंबईच्या वाटेला, दुसऱ्या टोकाने हैदराबादेला जोडला गेला. सांगीतिक दृष्ट्याही या जिल्ह्याची जागा अशीच दोहोंच्या मध्ये आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. वीणा, टाळ आणि मृदंग यांच्या वारकरी भजनाची इथली मुळे खोल. परभणी शहरात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस आणि त्याबरोबर कव्वालीची परंपरा. पुढे आंबेडकरी जलसे आणि भीमगीते यांनीही इथे घट्ट मूळ धरले. अभंग, कव्वाली, भीमगीत : तिन्ही ठिकाणी पेटी शिरली आणि तिन्ही ठिकाणी ती परकी राहिली नाही.

मात्र पेटीवर एक जुना आरोप होता, आणि तो खोटा नव्हता.

पेटीच्या सप्तकात बारा पट्ट्या. युरोपातून आलेल्या समविभाजित पद्धतीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक भाग १०० सेंटांचा. कानाला नैसर्गिक वाटणारे स्वर मात्र असे सारखे कापलेले नसतात. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गांधार सुमारे ३८६ सेंटांवर आहे. पेटीचा ४०० वर. म्हणजे पेटीचा गांधार १४ सेंटांनी चढा. शुद्ध धैवत सुमारे १६ सेंटांनी चढा, शुद्ध निषाद १२ ने. उलट कोमल गांधार जवळजवळ १६ सेंटांनी उतरलेला. पंचम तेवढा सुटला. त्याचा फरक दोनच सेंटांचा, तो कानाला खुपत नाही. दुसरी उणीव याहून मोठी : दोन पट्ट्यांच्या मध्ये काहीच नाही. मींड नाही, आंदोलन नाही. दरबारीचा झुलणारा गांधार पेटीवर झुलू शकत नाही. तो फक्त दाबता येतो.

पहिल्या उणिवेवर महाराष्ट्रातच एक धाडसी उपाय शोधला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सेवानिवृत्त सरकारी अधिकारी. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याने त्यांची बाजू उचलून धरली आणि या गणितावर आधारलेली श्रुती-हार्मोनियमही तयार झाली. सप्तकात बारांऐवजी अधिक स्वर, म्हणून अधिक सूर. १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा श्रुतींचा हा वाद चांगलाच तापलेला होता. विष्णु नारायण भातखंडे यांना हे गणित मान्य नव्हते. श्रुती-हार्मोनियम प्रचारात आली नाही. तिची कल्पना चुकीची होती असे म्हणता येत नाही. पण मैफलीत बसलेल्या माणसाला ती वाजवणे सोपे नव्हते, एवढे खरे. (हा प्रयत्न पुढेही थांबला नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली आहे.)

दुसरा मार्ग अधिक घरगुती होता. काही वादक गायकाचा षड्ज धरून सूर घासून, शुद्ध लावून घेत. पेटी मग एका पट्टीत अमृतासारखी वाजे. पण काळी एकसाठी लावलेली पेटी पांढरी चारच्या गायकापुढे ठेवली की तेच शुद्ध स्वर बेसूर होत. शुद्धता हवी तर एका षड्जाला बांधून घ्या, साऱ्यांबरोबर वाजवायचे तर थोडा बेसूरपणा सोसा, असा हा पेच. वर्कस्टेशनच्या खरेदीत तो पुन्हा भेटणार आहे.

१९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. लायनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते आणि रवींद्रनाथ ठाकुरांसारख्यांचा या वाद्याला असलेला विरोध सर्वश्रुत होता. ही बंदी सुमारे तीन दशके टिकली. १९७१ च्या सुमारास ती साथीपुरती शिथिल झाली. गंमत अशी की ज्या वाद्याला हद्दपार केले, त्याच्या साथीवर तालीम केलेले गायकच रेडिओवर गात होते. गावोगावच्या भजनाला तर या आदेशाशी काही कर्तव्य नव्हते. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत संस्थानातच होती. तिथल्या पेटीला दिल्लीचा हुकूम ऐकण्याचे कारणही नव्हते.

आणि वादकांनी काय केले? त्यांनी कानाला फसवले. गोविंदराव पटवर्धन किंवा आप्पा जळगावकर यांची साथ ऐकताना पेटीला मींड नाही हे ध्यानातच येत नाही. पुढच्या स्वराला हलका कण लावून मागे येणे, दोन स्वर क्षणभर एकमेकांवर टेकवणे, आणि त्याच क्षणी भात्याचा दाब कमी करणे, या युक्त्यांनी ते दोन पट्ट्यांमधली दरी श्रोत्याच्या मनात भरून काढीत. डाव्या हाताची ही कला पुढे विजेच्या वाद्यात पूर्णपणे हरवली. तिच्यासारखी दुसरी गोष्ट हाती यायला वेळ लागला.

वीज आली ती आधी चित्रपटात. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटात देशभर गाजलेली पुंगी ही पुंगी नव्हतीच. ते क्लॅव्हिओलिन नावाचे विजेवरचे पट्ट्यांचे वाद्य होते. वाजवणारे कल्याणजी, पुढे कल्याणजी–आनंदजी या जोडीतले. संगीतकार हेमंतकुमार. एका यंत्राने गारुड्याचे वाद्य इतके हुबेहूब उभे केले की पुढच्या कित्येक वरातींत नागनृत्याला तीच धून लागली.

१९६४ पासून अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचे सिंथेसायझर आकार घेत होते. त्यांपैकी एक १९६९ मध्येच अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत पोहोचले. १९७० मध्ये मिनिमूग आला आणि या धाग्याच्या दृष्टीने खरी कलाटणी मिळाली. मिनिमूगच्या पट्ट्यांच्या डाव्या अंगाला दोन चाके होती. त्यांतले एक फिरवले की वाजत असलेला स्वर वर किंवा खाली सरके, मध्ये कुठेही न तुटता. भात्यातून सुटलेल्या डाव्या हाताला हे नवे काम मिळाले : मींड. युरोपीय घडणीच्या पट्टीवर इतिहासात प्रथमच दोन स्वरांमधली जागा सहज हाताशी आली, आणि ती डाव्या हाताशी आली. मुंबईत केरसी लॉर्ड या पारशी वादकाने सत्तरच्या दशकात मिनिमूग हिंदी चित्रपटसंगीतात आणला.

१९८२ मध्ये मुंबईतलेच वादक चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रे समोर मांडून दहा रागांची तबकडी ध्वनिमुद्रित केली. ताल टीआर-८०८ वर, खर्जातली धून टीबी-३०३ वर, राग ज्युपिटर-८ वर. त्या वेळी ती फारशी कोणी विकत घेतली नाही. एकविसाव्या शतकात युरोपातल्या संग्राहकांच्या हाती लागल्यावर, शिकागोत जन्मलेल्या 'ॲसिड हाउस' संगीताची ही पूर्वछाया आहे की काय, अशी चर्चा रंगली. यात नवल कमी आहे. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती; रागाचा कान असलेल्या माणसाने ती लगेच हेरली.

हे सारे मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत. परभणीपर्यंत जे आले ते याहून फार लहान आणि स्वस्त होते.

१९८० साली कॅसिओने कॅसिओटोन २०१ हा पहिला कीबोर्ड बाजारात आणला. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत लहान कीबोर्डांत ठरलेले ताल आणि आपोआप वाजणारी साथही आली. डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या दाबायच्या. ढोलके, खर्ज आणि स्वरसंघात यंत्र स्वतः वाजवणार. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले आणि हे कीबोर्ड लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, गणेशोत्सवाच्या मांडवात दिसू लागले. 'कॅसिओ' हा शब्द तेव्हाच रुजला.

डाव्या हाताच्या दृष्टीने मात्र ही माघार होती. स्वस्त कीबोर्डांना मींडेचे चाक बहुधा नसेच. ज्या युरोपीय कामातून द्वारकानाथ घोषांच्या पेटीने डाव्या हाताला शंभर वर्षांपूर्वी सोडवले होते, त्याच कामाला तो पुन्हा जुंपला गेला. चित्रपटगीताखाली स्वरसंघात शोभतात, कारण ते गीत त्यांच्यासह बांधलेले असते. भैरवीतल्या अभंगाखाली यंत्राने सुचवलेला ठरावीक स्वरसंघात वाजू लागला की रागाचे वर्ज्य स्वर मागच्या दाराने आत येतात. मराठवाड्यातल्या कितीतरी ध्वनिवर्धकांतून हे ऐकू आले आहे आणि आजही येते.

१९८३ मध्ये मिडी हा संकेत ठरला आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. १९८८ मध्ये कॉर्गचा एम-१ आला. 'वर्कस्टेशन' या शब्दाला आजचा अर्थ त्याने दिला. खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने साठवलेली ४ मेगाबाइट स्मृती, एका वेळी १६ स्वर, घुमारा वगैरे परिणाम, आणि आठ पदरी सिक्वेन्सर, म्हणजे एकापाठोपाठ एक वाद्य वाजवून यंत्रातच नोंदवण्याची सोय. चार मेगाबाइट म्हणजे आज भ्रमणध्वनीतल्या एका छायाचित्राएवढी जागा. तेवढ्यात पियानो, बासरी, व्हायोलिनांचा ताफा आणि ढोल बसवले होते. शिवाय पट्ट्यांच्या डाव्या अंगाला एक जॉयस्टिक : मींड पुन्हा हाती.

एकाच माणसाने सारा ताफा वाजवावा, हे वर्कस्टेशनचे वचन. मुंबईत त्याची किंमत चित्रपटांच्या वाद्यवृंदाने मोजली. नव्वदच्या दशकात व्हायोलिन आणि तुताऱ्या वाजवणाऱ्यांची कामे झपाट्याने आटली. तालवाद्यांपैकी पुष्कळांची जागा रोलँडच्या ऑक्टोपॅडने घेतली. छोट्या शहरांचे गणित वेगळे होते. परभणी–जिंतूर–पाथरीच्या ऑर्केस्ट्राला वीस व्हायोलिनवाले कधी परवडणारेच नव्हते. तिथे यंत्राने ते हिरावून नेले नाहीत, उलट प्रथमच आणून दिले. एकाच यंत्राने एका शहरात पोटावर पाय दिला आणि दुसऱ्या शहरात पोट भरले. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ मुंबईच्या खिडकीतून लिहिला की ही दुसरी बाजू निसटते.

आता आजच्या खरेदीकडे. दुकानात एकाच फळीवर दोन वेगळ्या जातींची वाद्ये ठेवलेली असतात आणि घेणाऱ्याची फसगत बहुधा इथेच होते. एक जात 'अरेंजर'ची : डाव्या हाताने स्वरसंघात, बाकी साथ यंत्राची. दुसरी वर्कस्टेशनची किंवा सिंथेसायझरची : तयार साथ नाही किंवा नाममात्र, पण नाद घडवण्याची, पदर रचण्याची, पट्ट्यांचे भाग पाडण्याची मोकळीक. लग्नात एकट्याने तीन तास चित्रपटगीते वाजवायची असतील तर अरेंजर. समोर पखवाज, तबला, ढोलकी वाजवणारी जिवंत माणसे असतील तर अरेंजरचा ताल निरुपयोगी. तिथे पैसे नादावर आणि डाव्या हाताच्या साधनांवर घालावेत. परभणीसारख्या ठिकाणी एकाच वादकाला आज अभंग, उद्या कव्वाली, परवा भीमगीत वाजवायचे असते. त्याला दुसरी जात अधिक उपयोगी पडते, जरी पहिली जात दुकानात अधिक चमकत असली तरी.

देवल आणि क्लेमंट्स यांच्या स्वप्नाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. ते खरे झाले. पण श्रुतिशास्त्राच्या आग्रहाने नव्हे, बाजारपेठेच्या. अरबी आणि तुर्की संगीतालाही पट्ट्यांमधले स्वर लागतात. तिथल्या वादकांसाठी यामाहाने 'ओरिएंटल' म्हणून वेगळे कीबोर्ड काढले, कॉर्गने पा मालिकेत स्वरांतरे बदलण्याची सोय दिली. सप्तकातल्या बाराही स्वरांना स्वतंत्रपणे काही सेंट चढवता-उतरवता येऊ लागले. या सोयीला बहुधा 'स्केल ट्यून' म्हणतात. भारतासाठी यामाहाने तबला-तंबोऱ्यासह आय मालिकेचे कीबोर्ड आणले, आणि रोलँडच्या एक्सपीएस मालिकेने भारतीय वादकांमध्ये जम बसवला. देवलांना ज्यासाठी जादा सूर बसवावे लागले असते ते आता पडद्यावरच्या आकड्यांनी होते : शुद्ध गांधार उणे १४, धैवत उणे १६, निषाद उणे १२, कोमल गांधार अधिक १६. रागानुसार यांत बदल लागतील. शेवटचा निवाडा तंबोऱ्याचा.

जुना पेचही सुटला आहे. ही रचना कोणत्या स्वराला षड्ज मानून करायची, हे यंत्राला सांगता येते. गायक काळी एकचा असो वा गायिका काळी चारची, बटणाने पट्टी हलवली की शुद्ध स्वर बरोबर येतात. लाकडी पेटीला हे कधीच साधले नव्हते.

मींडेच्या कळीची मर्यादा सामान्यतः दोन अर्धस्वरांवर, म्हणजे एका पूर्ण स्वरावर ठेवलेली असते. आरंभी तीच ठेवावी. बारा अर्धस्वरांची मोठी मर्यादा ठेवली की बोटाच्या किंचित चुकीने स्वर कुठल्या कुठे जातो. आणखी एक सापळा आहे : कळ हलवली की त्या पदरातले सारे स्वर सरकतात. त्याच नादात षड्ज धरून ठेवला असेल तर मींडेबरोबर षड्जही डगमगतो, आणि डगमगणाऱ्या षड्जावर कोणी गाऊ शकत नाही. म्हणून पट्ट्यांचे दोन भाग पाडून षड्ज-पंचम वेगळ्या पदरावर ठेवायचे आणि कळीचा परिणाम फक्त चालीच्या पदरावर द्यायचा. ज्या यंत्रात ही सोय नाही ते कितीही महाग असले तरी रागासाठी लंगडे.

भात्याचे काम मात्र कुठल्याच चाकाकडे नीट आलेले नाही. त्याचा जवळचा वारस म्हणजे पायाखालचे व्हॉल्यूम पेडल, तेही बहुधा वेगळे घ्यावे लागते. दबॅंच्या पायपेटीत पाय हवा भरत होते. पावणेदोनशे वर्षांनी पाय पुन्हा कामाला लागले. पेटीचा नाद वाजवताना हे पेडल नसेल तर सारे स्वर एकाच जोराने येतात आणि ऐकणाऱ्याला काहीतरी निर्जीव वाटते. काय ते सांगता येत नाही.

तालाचे दुखणे निराळे. कीबोर्डांतले तयार ताल बहुतेक चार किंवा तीन मात्रांच्या हिशेबाने बांधलेले. आठ मात्रांचा भजनी ठेका आणि केरवा त्यात बसवता येतात, सहा मात्रांचा दादराही. रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रांसाठी स्वतः ठेका नोंदवण्याची सोय लागते. कीर्तनात लय एकसारखी राहत नाही. गजर रंगला की ती चढत जाते आणि ती चढवणारा मृदंग असतो. यंत्र तिथे मागे राहते. बोटाने ठोके देऊन लय सांगण्याचे बटण असले तर निभावते. पण मृदंग समोर असताना यंत्राचा ताल बंद ठेवणे हेच शहाणपणाचे.

पट्ट्यांची संख्या हा विषय दुकानात फार चघळला जातो, तेवढा तो महत्त्वाचा नाही. ८८ जड पट्ट्या पियानोसाठी. पेटीच्या हाताला ६१ हलक्या पट्ट्या पुरतात, आणि एसटीतून किंवा दुचाकीवरून वाद्य नेणाऱ्याला वजन कळते. विजेचा विचार अधिक गंभीरपणे व्हावा. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या ऑर्केस्ट्रांनी जे भोगले ते विसरण्यासारखे नाही. लहान कीबोर्ड आणि काही हलके सिंथेसायझर बॅटरीवर चालतात. मोठ्या वर्कस्टेशनला वीज गेली की सारे पुन्हा सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटेही लागतात, आणि तेवढ्यात गायक अंतऱ्यावर उघडा पडलेला असतो. यंत्राबरोबर लहान यूपीएस घेणे हा अनावश्यक खर्च नव्हे.

पेनड्राइव्हमधून तयार 'टोन' आणि लूप भरून देण्याचा धंदाही आता रुजला आहे. त्यात वाईट काही नाही. पण कोणताही भरलेला संच पाहण्याआधी वाद्याचे मूळ नाद जपून ठेवावेत, नाहीतर ते पुसले जाऊन परत मिळवताना दमछाक होते.

दुकानात करण्यासारखी एक परीक्षा आहे. तिला संगीताचे शिक्षण लागत नाही. पेटीचा किंवा ऑर्गनचा स्थिर नाद निवडावा. मध्य सप्तकातली पांढरी एक षड्ज मानून ती आणि तिचा शुद्ध गांधार एकत्र दाबून धरावे. नीट कान दिला तर सेकंदाला सुमारे १० वेळा होणारी बारीक थरथर ऐकू येईल. मग स्केल ट्यूनमध्ये जाऊन गांधार १४ सेंट उतरवावा आणि तेच दोन स्वर पुन्हा धरावेत. थरथर जवळजवळ थांबली पाहिजे. ती थांबली तर ही रचना जतन करून वाद्य बंद करावे, पुन्हा सुरू करावे आणि गांधार जिथे ठेवला होता तिथेच आहे का, हे पाहावे. काही वाद्ये ही रचना विसरतात आणि दुकानदाराला ते ठाऊक नसते.